दुसरी चाहूल

दहा आज्ञांवर दहा चित्रपट,
आणि सगळ्यांची पावलं एकाच बाईची.
झेनोबिया. वूच शहर, बंद पडलेल्या सूतगिरणीमागचा स्टुडिओ,
जमिनीवर तिचे चौकोन आखलेले: वाळू, खडी, लाकूड, पत्रा,
बर्फासाठी बटाट्याच्या पिठाची पिशवी,
आणि खिळ्यांना टांगलेले बेचाळीस बूट,
ज्यांतला एकही जोड तिच्या मापाचा नव्हता.

मी माइक धरायचो. एकोणीस वर्षांचा होतो.
पाचव्या आज्ञेसाठी, हत्या करू नको, तिने कोबी भोसकला
आणि संध्याकाळी तोच घरी नेऊन त्याचं सूप केलं.
"मेला तो मेलाच," म्हणाली, "वाया का घालवायचा?"
सहाव्या आज्ञेसाठी स्वतःच्याच मनगटाचं चुंबन घेतलं,
सात वेळा, नायकाचा श्वास जुळत नव्हता म्हणून.
सातवीत एक ड्रॉवर उघडतो. फक्त ड्रॉवर.
त्यात अख्खा दिवस गेला.
"चोराचा हात आहे," ती म्हणे,
"घरच्या माणसासारखा कसा उघडेल?"

पहिल्या आज्ञेच्या वेळी दिग्दर्शकाने विचारलं होतं,
देवाचा आवाज कशाचा करायचा?
करू नका, ती म्हणाली. सगळ्यांना बाहेर काढा
आणि रिकाम्या खोलीत दोन मिनिटं टेप फिरू द्या.
त्या डब्यावर काय लिहावं मला कळेना.
तारीख लिहिली.

आठवी आली फेब्रुवारीत. खोटी साक्ष देऊ नको.
त्याच आठवड्यात तिच्या इमारतीत
चौथ्या मजल्यावरचा गेर्वाझी जिन्यात पडून मेला.
बायकोचा हात दोनदा मोडला होता त्याने,
एकदा मुठीने, एकदा दाराने.
मिलिशियाचा माणूस झेनोबियाच्या स्वयंपाकघरात बसला,
टोपी मांडीवर, चहात तीन चमचे साखर.
भिंती पातळ आहेत बाई, काय ऐकलंत?
"एकाची पावलं. मग पडल्याचं."
त्याने लिहून घेतलं.
असल्या कानाचा साक्षीदार
त्याला साऱ्या शहरात मिळाला नसता.

हे सगळं मला इमारतीतल्या पोस्टमनकडून कळलं, फार नंतर.
त्या दिवशी माझ्यासमोर होता नुसता पडदा:
जिना, आणि कोर्टातून निघालेला एक माणूस,
एकटा उतरतोय.
झेनोबियाने त्रेचाळीस नंबरचे बूट चढवले, टोकाला बोळे कोंबून.
हातात मात्र एक कापडी सपात,
जी खिळ्यावर मी कधीच पाहिली नव्हती.
ती उतरू लागली. आणि दर बुटामागून
अर्ध्या पायरीच्या अंतराने
लाकडावर टेकत राहिली ती सपात,
हलकी, अगदी हलकी,
पाय न वाजवायची सवय लागलेल्या बाईची.
शेवटून तिसऱ्या पायरीवर ती थांबली.
बूट थांबला नाही.

दिग्दर्शक काचेमागे काडेपेटी शोधत होता.
मी हेडफोन काढले, पुन्हा घातले.
ती माझ्याकडे बघत होती,
काही मागत नव्हती.
ऐकलंच नाही म्हणायचं तर माणूस कानांवर हात ठेवतो.
माझ्या कानांवर जागाच नव्हती.
"चांगलं आलंय," मी म्हणालो.

ते अजून आहे तिथे. गेल्या वर्षी दाखवले दहाही,
विद्यार्थी होते, नंतर वाद रंगला:
नियम मोठा की माणूस, खोट्याने वाचलेल्याचं काय.
नटाच्या डोळ्यांवर पाऊण तास बोलले.
जिन्याबद्दल कुणी नाही.

झेनोबियाच्या अंत्यविधीला आम्ही नऊजण होतो.
पाद्री तिचं आडनाव चुकला, कुणी दुरुस्त केलं नाही.
प्रार्थना अर्ध्यावर आली असताना दार उघडलं,
बाहेरचा गारठा मानेला लागला,
आणि दगडी फरशीवरून, हिवाळी बुटांत,
कुणीतरी शेवटच्या बाकापर्यंत आलं
मुळीच आवाज न करता.

मी मान वळवली नाही.